३२०च्या एमपीथ्रीने आईचा आवाज परत येत नाही

"जुन्या मोबाईलमधल्या एएमआर, थ्रीजीपी फायली लगेच ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत कन्व्हर्ट करा, आवाज थेट स्टुडिओसारखा होतो. वेळ नसेल तर फाईलच्या नावातलं शेपूट बदला, तेवढंही पुरतं. फुकटच्या वेबसाइटवर दोन मिनिटांचं काम आहे. मग नॉइज रिमूव्हल फुल करा, आवाज २०० टक्क्यांपर्यंत वाढवा. मूळ फाईल डिलीट करा, मेमरी मोकळी होईल. सर्वांना पाठवा."

हा मजकूर गेल्या काही महिन्यांत मला नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, गाणं शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपवरही आला. आवाजाचं संकलन हे माझं रोजचं काम असल्यामुळे प्रत्येक वेळी मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि ते शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडलं गेलं. आता सविस्तर लिहितो आहे, कारण या सल्ल्याने झालेलं नुकसान मी डोळ्यांनी, खरं तर कानांनी, पाहिलं.

कोथरूडच्या एक काकू माझ्याकडे आल्या. त्यांच्या आईने मुळशीकडच्या घरी जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्यांनी साध्या बटणांच्या फोनवर घेतल्या होत्या. चौदा मिनिटं. आई आता नाही. भाच्याने वरचा मेसेज वाचून अगदी मनापासून, एकेक पायरी पाळून ती फाईल 'सुधारली' होती. माझ्यासमोर आली ती ३३ एमबींची एमपीथ्री. काकू म्हणाल्या, "आई बोलतेय असं वाटतच नाही रे. पत्र्याच्या डब्यातून कुणीतरी बोलतंय."

पहिला दावा ३२०चा. केबीपीएस, म्हणजे बिटरेट, सांगतो की एका सेकंदाच्या आवाजाला किती हजार बिट जागा दिली आहे. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. बटणांच्या फोनवर रेकॉर्डिंग बहुतेक वेळा एएमआर पद्धतीने साठवलं जायचं. ही पद्धत फोनवरच्या संभाषणासाठी बनवलेली. ती सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेते, आणि जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच (म्हणजे फ्रिक्वेन्सीपर्यंतचाच) आवाज पकडता येतो. म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काही त्या फाईलमध्ये कधी शिरलंच नाही. प्रत्यक्षात ३४०० च्या आसपासच दार बंद होतं. 'स' आणि 'श' यांची सळसळ मुख्यतः त्याच्या वर असते. म्हणून फोनवर नाव सांगताना आपल्याला "सशाचा स" म्हणावं लागतं. मराठीत तर 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला च वेगळा, आणि त्या दोघांतला बराचसा फरक याच वरच्या भागात असतो. फोनने तो टिपलाच नाही, तर कन्व्हर्टर कुठून आणणार?

एएमआर जास्तीत जास्त १२.२ केबीपीएसवर चालते. एका मिनिटाला साधारण ९६ केबी जागा. तोच मिनिट ३२०च्या एमपीथ्रीत २.४ एमबी होतो. पंचवीस पट. वाटीभर आमटी घंगाळात ओतली म्हणून पंगत जेवत नाही. काकूंची मूळ फाईल सव्वा ते दीड एमबींची असणार आणि तिच्यात जे होतं तेवढंच, किंबहुना थोडं कमी, या ३३ एमबींत होतं.

शंका असेल तर स्वतः पाहता येतं. ऑडॅसिटी या संगणकावरच्या आवाज-संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडा आणि तरंगाऐवजी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कंपनसंख्यांचं चित्र, दाखवायला सांगा. खालून वर कंपनसंख्या चढत जातात. अशा फाईलमध्ये ४०००च्या रेषेच्या वर सगळं रिकामं दिसतं, मग बिटरेट ३२० असो की आणखी काही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे चित्र आधी दाखवतो. पुढचं बोलणं त्यामुळे सोपं होतं.

'किंबहुना थोडं कमी' का म्हटलं, तेही सांगतो. एमपीथ्री स्वतःच आवाज टाकून देणारी पद्धत आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत तिचं बरंचसं काम झालं, आणि १९९५ मध्ये फायलींना '.mp3' हे शेपूट मिळालं. एका मोठ्या आवाजाखाली दुसरा लहान आवाज कानाला झाकला जातो, तो झाकलेला भाग ती टाकते, म्हणून फाईल लहान होते. ३२०वर एकदाच असं केलं तर फरक जवळजवळ कळत नाही, हे मान्य. पण आपल्याकडे एकदा कुठे थांबतं? फोनची एमफोरए फाईल कुणी एमपीथ्री करतो, दुसरा तिची सुरुवात कापून पुन्हा एमपीथ्री करतो, तिसरा स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनवर व्हॉइस नोट करतो. दर फेरीला काहीतरी गळतं आणि परत येत नाही.

या दाव्यात खरं आहे ते एवढंच, की एमपीथ्री कुठेही वाजते. गाडीत, जुन्या प्लेयरवर, आत्याच्या स्मार्ट टीव्हीवर. तिची पेटंटं २०१७ पर्यंत संपली, त्यामुळे आता कुणाचं बंधनही नाही. सगळ्यांना ऐकता यावं म्हणून कन्व्हर्ट करणं योग्यच आहे. पण एएमआरमधून निघालेल्या एकट्या माणसाच्या बोलण्याला मोनो (एकाच चॅनेलचे) ६४ केबीपीएस भरपूर झाले. चौदा मिनिटं पावणेसात एमबींत बसतात. स्टुडिओचे आकडे रेकॉर्डिंगच्या क्षणी उपयोगाचे असतात. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंगला जाऊन गुणवत्ता 'लॉसलेस', म्हणजे काहीही टाकून न देणारी, करता येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या रेकॉर्डरमध्येही वरचा दर्जा निवडता येतो. ते आधी करा. आणि फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर, पंखा बंद करून. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. कोणताही कन्व्हर्टर हे नंतर करून देत नाही.

शेपूट बदलण्याच्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिलं म्हणून आमटी खारट होत नाही. लोकांचा विश्वास बसतो तो कशामुळे, तर नाव बदललेली फाईल कधी कधी खरंच वाजते. प्लेयर नावावर अवलंबून न राहता आत डोकावतो म्हणून ती वाजते. एएमआर फाईलच्या अगदी सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#), उद्गारचिन्ह आणि एएमआर ही अक्षरंच लिहिलेली असतात. जो प्लेयर डोकावत नाही, तो "फाईल खराब आहे" म्हणतो आणि लोक घाबरून ती काढून टाकतात.

फुकटच्या वेबसाइट. तुमची फाईल अशा ठिकाणी जाते तेव्हा ती अनोळखी माणसाच्या संगणकावर जाते, आणि तिचं पुढे काय होतं ते तुम्हाला कळायची सोय नसते. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये काय काय असतं याचा विचार करा. डॉक्टरांचं बोलणं, बँकेच्या माणसाला सांगितलेला खातेक्रमांक, घरातलं भांडण. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा फुकट फाईल कन्व्हर्टरबद्दल जाहीर इशारा दिला होता. काही साइट काम करून देतात, पण परत मिळणाऱ्या फाईलसोबत घातक सॉफ्टवेअर येतं आणि चढवलेल्या फाईलमधली खासगी माहिती उचलली जाते, असं त्यात म्हटलं होतं. सगळ्याच साइट तशा आहेत असं मी म्हणत नाही. पण गरजच काय? ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे. तिला एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरची जोड दिली की एएमआर आणि एमफोरए दोन्ही उघडते. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेयरमध्येही कन्व्हर्ट करण्याची सोय आहे. संगणक नसेल तर लेक्सिस ऑडिओ एडिटरसारखं ॲप फोनवरच कापाकापी करून वेव्ह, म्हणजे आवाज न दाबलेली, फाईल देतं. फाईल घराबाहेर जात नाही.

आता ज्या सल्ल्याने काकूंचं सगळ्यात जास्त नुकसान केलं, तो नॉइज रिमूव्हलचा. हे साधन कसं काम करतं ते कळलं तर कुणी ते 'फुल' करणार नाही. त्याला तुम्ही नमुना म्हणून एक तुकडा दाखवता, ज्यात नुसती खरखर आहे असं तुम्हाला वाटतं. मग त्या तुकड्यात ज्या कंपनसंख्या आहेत त्या ते सगळीकडून दाबतं. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे नको असलेला आवाज, एवढंच त्याला कळतं. जात्याची घरघर एकसारखी आणि न थांबणारी असते.

ओव्यांमध्ये जातं हे साथीचं वाद्य आहे. खुंटा ओढला की ओळ पुढे जाते, फेरा पुरा होतो तिथे श्वास येतो. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं ऐकली की लय बाईच्या गळ्याइतकीच हातातही आहे हे लगेच कळतं. भाच्याने घरघर काढली, तेव्हा लय गेली. शिवाय घरघरीच्याच कंपनसंख्यांत आईच्या आवाजाचा खालचा, उबदार भाग होता, तोही गेला. उरला तो पत्र्याचा डबा.

गाणाऱ्यांच्या बाबतीत हेच तंबोऱ्याचं होतं. टाळेबंदीत गाण्याच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या, तेव्हा पुण्यातल्या घरोघरी हा अनुभव आला. शिष्य तंबोरा लावून गातो आणि पलीकडे गुरूंना तंबोरा ऐकूच येत नाही, कारण मधल्या ॲपने त्याला पंख्याचा आवाज समजून दाबलेलं असतं. म्हणून झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायला सगळे शिकले. रियाजाच्या रेकॉर्डिंगवर नॉइज रिमूव्हल फुल करणं म्हणजे तीच चूक स्वतःच्या हाताने करणं. षड्ज काढून टाकल्यावर गळा सुरात होता की नाही, हे कशावरून ठरवायचं? मी स्वतः सहा ते दहा डेसिबलच्या पुढे सहसा जात नाही, आणि नमुन्यासाठी असा तुकडा शोधतो जिथे वाद्यही नाही आणि माणूसही नाही. तसा तुकडा नसेल तर हे साधन वापरतच नाही.

२०० टक्क्यांचंही असंच. १६ बिटच्या फाईलमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्याच्या वर लिहायला जागाच नाही. आवाज दुप्पट केला की जे शिखर आधीच निम्म्याच्या वर होतं ते त्या छताला धडकून सपाट होतं, आणि कानाला चर्र ऐकू येतं. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्याची फोनवरची रेकॉर्डिंगं मुलं माझ्याकडे आणतात. तिथे बऱ्याचदा रेकॉर्ड करतानाच शिखरं कापली गेलेली असतात. ताशाची तर्री फाटलेली असते. ती शिवण्याची साधनं आहेत, पण ती अंदाजाने जोडतात, हरवलेलं परत आणत नाहीत. मुलांना मी सांगतो, पंचवीस-तीस पावलं मागे जाऊन घ्या. घरच्या रेकॉर्डिंगसाठी 'नॉर्मलाइझ' वापरून सगळ्यात मोठं शिखर त्या छताच्या जरा खाली, उणे एक डेसिबलवर, आणलं की पुरतं.

शेवटचा सल्ला, मूळ फाईल डिलीट करा. यावर मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. वरच्या सगळ्या चुका मूळ फाईल असेल तर पुसता येतात. नसेल तर एकही नाही. कामाची पद्धत साधी आहे: मूळ फाईलला हात लावायचा नाही, तिची प्रत एकदाच वेव्हमध्ये उघडायची, कापणं-जोडणं सगळं वेव्हमध्ये करायचं, आणि अगदी शेवटी एकदा एमपीथ्री काढायची. नुसतं मागचं-पुढचं कापायचं असेल तर लॉसलेसकटसारखं साधन आवाज पुन्हा न दाबता तुकडा वेगळा करून देतं. व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, म्हणजे फाईल जशीच्या तशी पोचते.

भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कायद्याचा उरतो. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहावं लागतं. फाईलमधला एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलतं. धमकीचा फोन असो की सोसायटीच्या सभेतलं बोलणं, 'सुधारलेली' एमपीथ्री घेऊन वकिलाकडे गेलात तर पहिला प्रश्न मूळ फाईल कुठे आहे हाच येईल.

काकूंना मीही तोच प्रश्न विचारला होता. भाच्याने संगणकावरची फाईल काढून टाकली होती. पण तो बटणांचा फोन? तो कधीच बंद पडला, म्हणाल्या. त्यातलं कार्ड? ते आठवेना. आठ दिवसांनी फोन आला. देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या पुड्यांबरोबर, कागदात गुंडाळलेलं मेमरी कार्ड सापडलं होतं.

फाईल दीड एमबींच्याही आतली. मी ती वेव्हमध्ये उघडली, दबलेल्या दोन ओव्या थोड्या वर आणल्या आणि बाकी कशाला हात लावला नाही. 'स' अजूनही अर्धाच ऐकू येतो, तो तसाच राहील. पण जातं आहे. शेवटच्या ओवीनंतर ते हळूहळू थांबतं, पीठ सारल्याचा आवाज येतो, आणि आई म्हणते, "बंद कर गं ते आता, चार्जिंग संपेल." भाच्याच्या फाईलमध्ये हे वाक्य नव्हतं. घरघर काढल्यावर शेवट रिकामा वाटला, म्हणून त्याने तो कापून टाकला होता. काकूंनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला.