खुलासा : केळकर संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ कोण?

‘पुण्यातलं केळकर संग्रहालय म्हणजे दिनकर केळकर नावाच्या संस्थानिकाचा खजिना’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या पूर्ण नावात ‘राजा’ ही पदवी नाही, ते एका मुलाचं नाव आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ हे नाव दिलं गेलं. आपल्या नेहमीच्या रीतीने वाचलं की उलगडा होतो : राजा हे मुलाचं नाव, दिनकर वडिलांचं, केळकर आडनाव. म्हणून संग्राहकाचा उल्लेख करताना ‘दिनकर गंगाधर केळकर’ किंवा ‘काकासाहेब केळकर’ लिहावं. ‘राजा केळकरांनी वस्तू जमवल्या’ असं लिहिलं की बापाचं काम मुलाच्या नावावर जातं. कविता काकासाहेब ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहीत.

आणि खजिना म्हणावा, तर तो घराघरातला. अडकित्ते, पानाचे डबे, दिवे, पाय घासायच्या वज्र्‍या, कोरीव दारं, वाद्यं : रोज हाताळलेल्या या वस्तू काकासाहेब आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी गावोगाव फिरून मिळवल्या. वीस हजारांच्या घरातल्या या संग्रहाचा थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. त्यामुळे एखादी वस्तू दालनात दिसली नाही, म्हणजे ती गहाळ झाली असा अर्थ काढू नये.

संग्रहालयातला ‘मस्तानी महाल’ही निव्वळ देखावा नव्हे. कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभारला आहे. मस्तानी इथे राहत होती, हे मात्र खरं नाही. महालाची मूळ जागा कोथरूडच.