पट कुठला आणि कोणत्या महिन्याचा?

'जन्मदर घटला म्हणून अंगणवाड्यांचा पट (म्हणजे नाव नोंदलेल्या पोरांची संख्या) रोडावला' हे तुमच्याकडे आलेल्या अंगणवाड्यांवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. आमच्याकडे बीड जिल्ह्यात पोरं संपलेली नाहीत, ती सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून तालुक्याच्या इंग्लिश मीडियम नर्सरीला जातात. नाव मात्र अंगणवाडीतच. लसीकरण, वजन-उंचीची नोंद, धाकट्याचा घरपोच आहार, सगळं तिथूनच ना! माझ्या जाऊबाई सेविका आहेत. त्यांच्या रजिस्टरवर जेवढी नावं, त्याच्या निम्मीसुद्धा पोरं सतरंजीवर नसतात. खिचडी शिजली की दोन-चार वाढतात, ती गोष्ट वेगळी.

मग रोज बसतं कोण? ज्यांना फी झेपत नाही त्यांची पोरं, आणि त्यात ऊसतोड कामगारांची बरीच. त्यांच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. दसरा-दिवाळी झाली की तीही आईबापांबरोबर उसाच्या फडावर, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. तेव्हा आकडा ऑगस्टचा की जानेवारीचा, हे सांगितल्याशिवाय पटावर बोलण्यात काय अर्थ? इकडे नाव कायम, आणि तिकडे कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या त्यांच्या झोपडीजवळ, अंगणवाडी असलीच तर तिथल्या सेविकेला ही पोरं 'बाहेरची'. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली होती, म्हणजे मूल जिथं तिथं शाळा. आता पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आलंय, हजेरी मोबाईलवर भरायची. फडावरच्या पोराची कुठल्या गावात भरायची, तेवढं आधी ठरवा.