दहावा एक मांडू नका

लग्नाच्या पंगतीत आपलं कुणी ऐकत नाही, अशी तुमची तक्रार असेल तर एक संख्या पाठ करून ठेवा : १२३४५६७८९८७६५४३२१. पाठांतराला डोकं लागत नाही. नवापर्यंत चढायचं आणि आल्या पावली उतरायचं. मग पेन मागून घ्या, पत्रिकेच्या पाकिटावर नऊ एक ओळीनं मांडा आणि म्हणा, ‘करा याचा वर्ग.’ कुणी करणार नाही; उत्तर तुम्हाला पाठ. जिंकलात.

फोन मात्र काढू देऊ नका. कॅल्क्युलेटर ऐन वेळी शेपूट तोडून ‘ई’ दाखवतो. एक्सेल पंधरा आकड्यांनंतर हात वर करतं, शेवटच्या २१ च्या जागी ००. मग ‘उलटी वाचा, सुलटी वाचा, सारखीच’ म्हणायची पंचाईत.

एखाद्या आजोबांनी ‘वाचून दाखव’ म्हटलंच तर भास्कराचार्यांची एकं-दहं-शतंची स्थानं काढा. त्या यादीत सतराव्या स्थानाचं नाव ‘मध्य’. म्हणजे मध्यावर बसलाय अगदी कडेचा १, आणि खरा मधला ९ पडलाय दशकोटीच्या घरात. (कुणी हसलं नाही तर मठ्ठा मागा.)

अवयव पाडू नका. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग, असलं काहीतरी निघतं; त्यात चमत्कार नाही. आकड्यांची बेरीज ८१ आणि ८१ नं भागही जातो, एवढंच सांगा. पत्रिका बघणारे लगेच तुमच्या बाजूला येतात.

फॉरवर्ड करताना खाली ‘हजारो वर्षांपूर्वीचं ज्ञान’ असं लिहायला विसरू नका. द. रा. कापरेकरांचं नाव चुकूनही घेऊ नका. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी केलेला हा माणूस. त्यानं या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, कारण कल्पना सुचली जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात. म्हणजे आजच्या डोंबिवलीत! डोंबिवलीचं नाव निघालं की प्राचीन तेज संपलंच.

आणि काही झालं तरी दहावा एक मांडू नका. कुणी तरी आगाऊ पोर ‘काका, अजून एक घाला ना’ म्हणतंच. दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, मधे दोन भोपळे, शिडी मोडलेली. का, ते त्या पोराला पाकिटावर गुणाकार मांडला की दिसतं. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, तिथं शून्य उरतं आणि हातचा एक डावीकडे घुसतो. तिथं आधीच नऊ. तेही दहा होतात, शून्य ठेवून पुन्हा एक पुढे. पुढच्यात आठच असतात, ते जरा सरकून नववा घेतात, तेव्हा कुठे धक्काबुक्की थांबते.

सकाळची डोंबिवली लोकल पकडणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तिकडच्या पाहुण्यांना पंगतीत जरा लांबच बसवा.