अहवालाआधीच जीआर

पीक विम्याचे पैसे आले नाहीत की गावात पहिला प्रश्न निघतो, "आपल्या महसूल मंडळाचा उतारा, म्हणजे पिकाचं सरासरी उत्पादन, किती धरला?" एकेकट्याचं शेत न तपासता मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, पीक कापणी प्रयोग करून सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरवायची, या पद्धतीला बळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून मिळालं. तिथले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात क्षेत्रावर आधारित विम्याचा आग्रह धरला. १९७९ ला प्रायोगिक योजना आली, १९८५ ला सर्वंकष पीक विमा. मंडळ मोठं असलं की एका टोकाचं नुकसान सरासरीत बुडतं, ही तक्रार खरीच आहे. पण भांडायला हातात एक मोजमाप आहे, ते संशोधकांनी दिलं.

हे आज लिहितेय कारण असं मोजणारी माणसं सरकारला नकोशी झाल्यासारखी वाटतात.

वीस वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात सर्वेक्षणाला होते. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर चुलीपुढं बसलेल्या आजींना विचारलं, कोणत्या महिन्यात किती दिवस मजुरी मिळाली? त्या सणांवरून मोजायला लागल्या. "बेंदराच्या आधी सा दिस. नवरात्रात न्हाईच." आमच्या तक्त्यात रकाने जानेवारी-फेब्रुवारीचे! रात्री सरांनी अख्खी प्रश्नावली सणवारांप्रमाणे नव्यानं लिहायला लावली. दोन दिवस गेले, पण आकडे खरे मिळाले.

अहवाल घेऊन संबंधित खात्यात गेलो, तर योजनेचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आठवडाभर आधीच निघालेला. आमचा गठ्ठा कपाटावर गेला. आजही ते आठवलं की संताप होतो.

आता तर सल्लागार कंपन्या महिनाभरात चकचकीत सादरीकरण करून देतात. त्यात आजींचे सहा दिवस कुठून येणार? विद्यापीठंही धुतल्या तांदळाची नाहीत. पुढचा प्रकल्प हातचा जाऊ नये म्हणून निष्कर्ष मवाळ केलेले मी पाहिलेत. उलट १९८४ मध्ये याच दांडेकरांच्या समितीनं सुमारे ३१८६ कोटींचा प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागं पडलेल्या भागांच्या विकासाची तूट, आकड्यांत मांडला. अनुशेष हा शब्द राज्याच्या राजकारणातून अजून हललेला नाही. असा अहवाल लिहायचा तर संशोधकाचा पगार खात्याच्या मर्जीवर असून चालत नाही. संशोधकांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा. अभ्यास आधी, जीआर नंतर. आणि आलेला अहवाल, आवडो न आवडो, जसाच्या तसा लोकांपुढे ठेवा.

आमच्या त्या गठ्ठ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. एक प्रत माझ्याकडे आहे.