फाट्यावर इतिहास उभा करताना

गावाला इतिहास आहे हे हायवेवरून जाणाऱ्याला कळलंच पाहिजे, यावर ग्रामसभेत एकमत झालं असेल तर फाट्यावर फलक उभारायच्या कामाला लगेच लागा. इतिहास नंतर बघू, आधी दगड सांगा. आपल्या सातारा-सांगलीचा काळा पाषाण शेकडो वर्षं टिकतो, तेव्हा तो नकोच. एवढ्या काळाची जबाबदारी कोण घेणार? कडप्पा बरा. स्वस्त पडतो, पाणी मुरलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि पुढच्या बॉडीलाही अनावरणाची संधी मिळते.

कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, म्हणून मजकुराची वाटणी आधीच करून ठेवा. तीन बाय दोनचा दगड असेल तर वरचा निम्मा भाग उद्घाटकांचा, दोन इंची अक्षरांत. त्याखाली प्रमुख उपस्थिती, सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ठेकेदार. उरलेल्या चार बोटांत हुतात्म्याचं नाव बसतं. नाही बसलं तर आडनाव गाळा, गावात सगळे ओळखतातच. अनावरणाची वेळ मात्र मिनिटासकट हवी. घटनेची तारीख मिळत नसेल तर 'इंग्रजांच्या काळात' एवढं पुरे.

तारखेचा आग्रह धरणारा कुणी मास्तर निघालाच, तर शक आणि सन यांचा काला करून टाका. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर शके 1641 ते 1646 मधली, म्हणजे इ.स. 1719 ते 1724. तुम्ही शके खोडा आणि आकडे तेच ठेवून पुढे इ.स. लिहा. कित्येकांनी तसंच छापलंय. साताऱ्याचे शाहू महाराज जन्मले 1682 साली. त्यांच्या कारकिर्दीतली विहीर त्यांच्या जन्माआधी 41 वर्षं खणायला घेतली, असा मान दुसऱ्या कुठल्या गावाला आहे? शकात 78 मिळवायचे असतात, आणि तिथी इंग्रजी नवं वर्ष लागल्यानंतरची असेल तर 79. शिवजन्म शके 1551 च्या फाल्गुनातला, म्हणून 79 मिळवून 1630. पण बेरजेला कागद लागतो आणि कागद सगळा पत्रिका छापण्यात गेलेला असतो.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा फलक असेल तर जिल्ह्यावरून भांडायला भरपूर वाव आहे. येडे मच्छिंद्र हे गाव आज सांगलीत. 1943 साली ते सातारा जिल्ह्यात होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 'तेव्हाचा सातारा जिल्हा' असे तीन शब्द कोरले की वाद मिटतो, म्हणून ते कोरू नका. सांगलीचा तुरुंग वसंतदादांनी आणि त्यांच्या साथीदारांनी 24 जुलै 1943 ला फोडला. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, त्यामुळे तुरुंगही संस्थानचाच. ही भानगड फलकावर कशाला? 'इंग्रजांचा तुरुंग' लिहून मोकळे व्हा.

फलक लावा रस्त्याला समांतर. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे उद्घाटकांच्या नावातलं 'मा. ना. श्री.' तेवढं वाचून होतं. लोखंडी पाइप जमिनीलगत गंजतो, कारण पाणी तिथंच साचतं. म्हणून काँक्रीटचा माथा मधोमध खोलगट ठेवा.

आता खरी नाजूक बाब. देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, पडलेला असेलच; नशीब थोर असलं तर वाई तालुक्यातल्या किकलीसारखे रांगेनं असतील. वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई. तिथं गाई कोरलेल्या दिसल्या तर गडी गुरं राखताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तुम्ही हा दगड फाट्यावर आणा आणि फूटभर काँक्रीटमध्ये गाडून उभा करा. लढाईची चौकट तळाशी असल्यामुळे गडी कशानं मेला हा प्रश्न कायमचा मिटतो. उरलेल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्या. अप्सरांची नाकं पहिल्या हातातच भरून येतात. मग त्याच रंगात डोळे आणि मिशा काढून घ्या. पुढे कुणी पुरातत्त्ववाला कुरकुरलाच, तर ॲसिड आणि तारेचा ब्रश आहे. रंगाबरोबर नक्षीही निघते आणि दगड अगदी नव्यासारखा गुळगुळीत होतो. कोपरात दुमडलेला, बांगड्या घातलेला हात कोरलेला दगड सापडला तर तो सतीचा. त्याला 'आशीर्वाद देणारी देवी' म्हणा, दानपेटी लगेच ठेवता येते.

अनावरणाच्या दिवशी नारळ फोडायला वेगळी फरशी शोधत बसू नका. वीरगळाची कड चांगली धारदार असते. एका घावात काम होतं.