रिस्ट्रिक्टरवरून रागावलेल्या ‘सिन्नरकर’ भाऊंना

‘सिन्नरकर’ भाऊ,

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनावर नव्या पिढीचा वेस्टगेट टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा; वेस्टगेट म्हणजे त्याचा दाब आवरणारी झडप) बसवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “ऑइल लाइनला रिस्ट्रिक्टर न टाकता टर्बो बसवायला सांगणं म्हणजे लोकांची इंजिनं मारणं. हात काळे केलेल्या माणसाचं हे लिखाण नाही.” (रिस्ट्रिक्टर म्हणजे टर्बोकडे जाणारं ऑइल कमी करणारा बारीक भोकाचा जेट.) खाली व्हीजीटी (आतली पाती हलवता येणारा टर्बो), बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब), क्लच आणि आरटीओवरही तुम्ही एकेक ओळ टाकली आहे. तिकडे येतोच.

पहिलं वाक्य मतभेदाचं आहे, त्याला हरकत नाही. दुसऱ्याची गरज काय होती? नाशिकच्या सातपूर-अंबडच्या गॅरेजांत बावीस वर्षं काढली आहेत, एवढंच सांगतो. चूक दाखवायची असेल तर दहा वेळा दाखवा. पण लिहिणारा बोगस असल्याचं आधी ठरवायचं आणि मग पुरावा शोधत बसायचं, ही पद्धत मला पटत नाही.

एक चूक माझी आहे, ती कबूल करतो. ऑइलचा पाइप टर्बोला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टला तांब्याचा ‘एक वॉशर’ असं मी लिहिलं होतं. दोन लागतात, बॅन्जोच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि दोन्ही नवे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. गंमत म्हणजे ही चूक तुमच्या नजरेतून सुटली.

आता रिस्ट्रिक्टर. हा शब्द बॉल बेअरिंगच्या टर्बोकडून आला आहे. त्या बेअरिंगला ऑइल कमी लागतं आणि जास्त गेलं की ते सीलबाहेर येतं, म्हणून तिथे साधारण १ मिमी भोकाचा जेट टाकतात. मी ज्या टर्बोबद्दल लिहिलं तो बुश बेअरिंगचा आहे. त्यात शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो आणि टर्बाइनकडून आलेली उष्णताही तेच ऑइल बाहेर नेतं. तिथे १ मिमीचा जेट टाकला की स्लोवर (रेस न देता, आयडलवर) आधीच कमी असलेलं ऑइल आणखी कमी होतं. कोअर (टर्बोचा मधला भाग) उघडल्यावर शाफ्ट निळा पडलेला आणि त्यावर बुशचा तांबूस थर दिसला, तर तो ऑइल कमी पडल्याचा पुरावा. असा टर्बो ‘डुप्लिकेट होता’ म्हणून दुकानदाराच्या माथी मारला जातो.

“पण माझ्याकडे कॉम्प्रेसरच्या बाजूला (टर्बोच्या हवा ढकलणाऱ्या अंगाला) ऑइल येतं,” हा तुमचा पुढचा मुद्दा असणार, म्हणून आताच सांगतो. बहुतेक वेळा दोष आत येणाऱ्या ऑइलचा नसतो, परत जाणाऱ्या ऑइलचा असतो. टर्बोतून निघणाऱ्या ऑइलला प्रेशर नसतं. ते फेसाळ होऊन निव्वळ उतारानं चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. त्यामुळे ड्रेन पाइप आतून किमान १६ मिमी हवा, १९ असेल तर उत्तम. टर्बोचं ड्रेन तोंड सरळ खाली, फार तर ३५ अंश कललेलं. पाइपाला मध्ये पोट नको आणि चेंबरला जोड ऑइलच्या पातळीच्या वर हवा. नव्या टर्बोचं तोंड जुन्या मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीवर) तिरकं आलं, तर हाउसिंगचे क्लॅम्प ढिले करून मधला भाग फिरवून घ्या. हे करताना हाउसिंग ओढू नका, पातं वाकलं की टर्बो संपला. आणि गॅस्केटला सिलिकॉन लावू नका. त्याची सुटलेली गोळी ऑइलच्या भोकात जाऊन बसते आणि तुमचा फुकटचा रिस्ट्रिक्टर तयार होतो.

एवढं करूनही ऑइल आलं, तर ब्रीदर (चेंबरमधला दाब बाहेर सोडणारी नळी) पाहा. जुन्या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, ब्लो-बायनं (रिंगांमधून खाली निसटणाऱ्या गॅसनं) चेंबरमध्ये दाब चढतो आणि ऑइलला उतरायला जागा राहत नाही. इंजिन स्लोवर असताना ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा. ते उडू लागलं तर टर्बो बदलण्याचा विषयच नाही, आधी रिंगांचं काम काढा. याला जेट म्हणजे तापावर गंडा.

रिस्ट्रिक्टर बुश बेअरिंगला कधीच नको, असं मात्र मी म्हटलेलं नाही. टर्बोच्या ऑइल येणाऱ्या तोंडाशी प्रेशर गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करा, कसारा घाट चढून इगतपुरीला थांबल्यावर असतं तसं. ऑइलचं प्रेशर स्लोवर ०.७ बारच्या खाली जाऊ नये. रेसवर ३ बारच्या आसपास असेल तर झकास. गरम असतानाही ४.५ बारच्या वर जात असेल, तर दीड-दोन मिमीचा जेट खुशाल टाका. न मोजता टाकायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. ते लेखात पुरेसं स्पष्ट लिहिलं नसेल, पण त्याचा अर्थ ‘इंजिनं मारणं’ होत नाही.

आणि पहिल्या स्टार्टबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. टर्बो मरतात ते तिथे. फीड पाइप (टर्बोला ऑइल आणणारा) जोडण्याआधी वरच्या भोकातून ५०-१०० मिली स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट बोटानं फिरवा. स्टॉप केबल ओढून धरून, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारा. मग स्टार्ट करा, दोन-तीन मिनिटं फक्त स्लोवर ठेवा, रेस नाही.

उरलेलं थोडक्यात. व्हीजीटी: या इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) नाही, मग आतली पाती गरजेप्रमाणे नीट हलवणार कोण, तुम्ही बॉनेटवर बसून? बूस्ट: तुमचा १.४ बार तुम्हालाच लखलाभ, स्टॉक हेड गॅस्केटवर मी १ बारच्या वर जात नाही. क्लच: तो लेखाचा विषय नव्हता. आरटीओ: पीयूसीला बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीचा धूर ६५ एचएसयूच्या (धुराच्या दाटपणाचं माप) आत लागतो, त्यापुढचं आरटीओलाच विचारा.

तुमच्या गाडीचं गरम ऑइल प्रेशर स्लोवर किती आणि रेसवर किती, हे दोन आकडे खाली लिहा. ते आले की जेटचं भोक किती मिमीचं, ते बोलू.