परदेशातून : गूळ, साखर आणि साडेसहा हजार डॉलर

डायबेटिसवाल्यांना गूळ चालतो का, याचं गुऱ्हाळ आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर चालू आहे. 'गूळ चालतो, संशोधनाने सिद्ध झालंय' म्हणून काकांनी काहीतरी टाकलं. मी विचारलं, संशोधनाला पैसे कुणाचे? त्यावर डॉक्टर असलेला चुलतभाऊ उसळला, "तुमच्या अमेरिकेत काय सगळे धुतल्या तांदळाचे हाईत?"

नाहीत. मी राहतो त्या बॉस्टनचीच गोष्ट. १९६५ मध्ये शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या पोषणतज्ज्ञांना साडेसहा हजार डॉलर देऊ केले. १९६७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा आढावा छापून आला. हृदयविकाराचं खापर चरबीवर फुटलं, साखर सुटली. साखरवाल्यांनी पैसे दिले, याचा लेखात उल्लेख नाही. ते उजेडात आलं २०१६ मध्ये, जुन्या पत्रव्यवहारातून. यात आकडे खोटे करावे लागले नाहीत. साखरेविरुद्धचे अभ्यास बारीक चाळणीने चाळले, चरबीविरुद्धचे भरड चाळणीने. झालं काम.

आता इथे निदान नोंद असते. २०१० च्या कायद्यामुळे कंपन्या डॉक्टरांना काय देतात, ते २०१४ पासून नाव टाकून कुणालाही बघता येतं. माझ्या डॉक्टरबाईंच्या नावापुढे एका कंपनीने दिलेली दुपारची जेवणं निघाली. त्याच कंपनीची गोळी मी घेत होतो. विचारलं, तर बाई हसल्या आणि जुनी स्वस्त गोळी मला का चालणार नाही, हे दहा मिनिटं समजावत बसल्या. पटलं का? अर्धंमुर्धं. पण विचारता आलं.

भारतात औषध कंपन्यांच्या जाहिरात-विक्रीसाठी केलेल्या २०२४ च्या संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला मनाई केली आहे, तरी पेशंटला बघता येईल अशी नावानिशी यादी नाही. आमच्या कोल्हापुरात तिची गरज कुणाला वाटत नाही, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, नंबर न लावता केबिनमध्ये जातो, ते बाहेर बसलेले पेशंट बघतातच की. रंकाळा तलावावर फिरताना त्यावर हसायचं. आत गेल्यावर विचारायची मात्र सोय नाही. काकांचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, हेही ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं. बोललं कोण? कुणीच नाही.

मीही नाही. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, साखरेपेक्षा फार वेगळं काही नाही, असं मी ठणकावून लिहिलं. आमचा दीड एकर ऊस कारखान्याला जातो, दिवाळीला सभासदांची स्वस्त साखर घरी येते, हे लिहायचं राहिलं. काल तेही टाकलं.

काकांचं उत्तर एका शब्दात आलं : "तरीच!"